‘थांब’ म्हटल्यावर मेंदूत काय होते?

‘चिमणी उड’ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असतो. सगळ्यांनी गोल करून बसायचे, एक बोट जमिनीवर टेकवायचे आणि ज्याच्यावर राज्य असेल त्याने एकामागून एक नावे घ्यायची. चिमणी उड, कावळा उड, पोपट उड. प्रत्येक नावाला बोटे वर जातात. वेग वाढतो, हात सरावतात आणि मध्येच तो म्हणतो, ‘म्हैस उड!’ दोन-चार बोटे वर गेल्याशिवाय राहत नाहीत. मग हशा पिकतो.

म्हैस उडत नाही हे त्या मुलांना माहीत नसते का? चांगले माहीत असते. बोट उचलता उचलताच त्यांच्या लक्षात आलेले असते. पण तोपर्यंत बोट वर गेलेले असते. माहीत असणे ही एक गोष्ट आणि वेळेवर थांबता येणे ही दुसरी. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्याच्याविषयी हा लेख आहे.

पालकसभेत मला सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “सर, हजार वेळा सांगितलं, तरी ऐकत नाही.” आई सांगते, अब्बा सांगतात, दादी समजावते. मुलगा मान डोलावतो, कबूल करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपण त्याला जिद्दी म्हणतो, बेशिस्त म्हणतो. कधी त्याच्या आईच्या तरबियतीवर बोट ठेवले जाते. काही वेळा ते खरेही असेल. पण हातातली कृती थांबवण्यासाठी मेंदूत एक वेगळी यंत्रणा आहे, ती हळूहळू घडते आणि इजा झाली तर बिघडते, हे समजले तर घरातल्या पुष्कळ माणसांविषयीचा आपला न्याय बदलू शकतो.

थांबणे हेही एक काम आहे

आपल्याला वाटते, थांबणे म्हणजे काहीच न करणे. शरीरशास्त्र वेगळे सांगते. १८४५ मध्ये एडुआर्ड आणि अर्न्स्ट वेबर या जर्मन भावांनी दाखवून दिले की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूला विजेचा झटका दिला की हृदयाचे ठोके मंदावतात, अगदी थांबतातही. तोपर्यंतची समजूत अशी की मज्जातंतूंचे काम म्हणजे हालचाल घडवणे. हालचाल थांबवण्यासाठीही मज्जातंतू कामाला लागतात, हे या प्रयोगातून पुढे आले.

उतारावरून येणाऱ्या रिक्षाचा विचार करा. अ‍ॅक्सिलरेटर सोडला म्हणून ती जागच्या जागी उभी राहत नाही. ब्रेक लावावा लागतो. मेंदूचेही तसेच आहे. हात उचलण्याचा हुकूम एकदा सुटला की तो परत घेण्यासाठी दुसरा हुकूम सोडावा लागतो, आणि त्यालाही वेळ लागतो.

रमजानचा पहिला दिवस आठवून पाहा. दुपारी उन्हातून घरी आल्यावर हात सवयीने माठाकडे जातो, पेला उचलतो आणि एकदम आठवण होते, रोजा आहे. हात तिथेच थबकतो. कधी थबकत नाही, घोट पोटात गेल्यावर आठवते. विसरून खाल्ले-प्यायले तर रोजा तुटत नाही, हा मसला घरातल्या लहान मुलालाही माहीत असतो. सवयीने झालेली आणि जाणूनबुजून केलेली कृती यांत फरक करणे आपल्याला नवीन नाही. मेंदूशास्त्राने त्या फरकाची यंत्रणा शोधली, इतकेच.

दोन धावणाऱ्यांची शर्यत

थांबायला किती वेळ लागतो, हे मोजायचे कसे? चालण्याचा वेळ मोजता येतो, कारण पाऊल पडलेले दिसते. थांबण्यात तर काहीच घडलेले दिसत नाही. १९८४ मध्ये गॉर्डन लोगन आणि विल्यम कॉवन या संशोधकांनी यासाठी एक सोपी कल्पना मांडली.

प्रयोग असा असतो. समोर पडद्यावर बाण दिसतो. डावीकडचा असेल तर डावे बटण, उजवीकडचा असेल तर उजवे, जितक्या लवकर दाबता येईल तितक्या लवकर दाबायचे. मात्र काही वेळा, साधारण चारातून एकदा, बाण दिसल्यानंतर लगेच ‘टुंग’ असा आवाज होतो. आवाज आला की बटण दाबायचे नाही. आवाज बाणाच्या अगदी पाठोपाठ आला तर थांबणे सोपे जाते. उशिरा आला तर बोट दाबून मोकळे झालेले असते. हा उशीर थोडा थोडा कमी-जास्त करत अशा जागी आणतात की माणूस निम्म्या वेळा थांबू शकतो आणि निम्म्या वेळा चुकतो.

लोगन आणि कॉवन यांचे म्हणणे असे की, मेंदूत तेव्हा दोघांची शर्यत लागलेली असते. एक ‘कर’ म्हणणारा, दुसरा ‘थांब’ म्हणणारा. ‘कर’ आधी सुटतो, ‘थांब’ मागून धावतो. जो आधी पोहोचेल त्याचे चालते. माणूस निम्म्या वेळा थांबतो, म्हणजे दोघे बरोबरीने पोहोचत आहेत. समजा, बटण दाबायला सरासरी ४५० मिलिसेकंद लागतात आणि आवाज बाणानंतर २३० मिलिसेकंदांनी येतो. तर ‘थांब’ला लागलेला वेळ झाला २२० मिलिसेकंद. निरोगी तरुण माणसांत हा वेळ साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा असतो.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावायला नको. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायचा तर बॅट मागे घेण्याचा हुकूम त्यातला बराचसा वेळ शिल्लक असतानाच सुटायला हवा. एका क्षणानंतर डोळ्यांना चूक दिसते, पण बॅट थांबत नाही. बोलण्याचेही तसेच. शब्द तोंडातून निघतानाच ‘हे बोलायला नको होतं’ असे वाटते, आणि तरी वाक्य पूर्ण होते.

उजव्या कपाळामागची जागा

मग ‘थांब’ म्हणणारा मेंदूत राहतो कुठे? १८६१ मध्ये पॅरिसमधील डॉक्टर पॉल ब्रोका यांनी दाखवले होते की बोलण्याची क्षमता मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे खालच्या अंगाला असलेल्या एका भागावर अवलंबून असते. त्याच्याच समोरचा, उजव्या बाजूचा भाग काय करतो, हे मात्र बराच काळ कोडेच होते.

२००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील अ‍ॅडम अ‍ॅरॉन, ट्रेव्हर रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या पुढच्या भागात उजवीकडे इजा झालेल्या रुग्णांना हीच बटणाची चाचणी दिली. रुग्णांना थांबायला निरोगी माणसांपेक्षा जास्त वेळ लागत होता. महत्त्वाचे म्हणजे, ब्रोकांच्या जागेसमोरच्या त्या उजव्या भागाची इजा जितकी मोठी, तितका थांबण्याचा वेळ जास्त. पुढे इतर संशोधकांनी निरोगी माणसांच्या डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देऊन हा भाग काही वेळापुरता विस्कळीत केला. तेव्हा त्यांनाही थांबणे जड गेले. झटक्यांचा परिणाम ओसरल्यावर ते पूर्ववत झाले.

हा भाग एकटा काम करत नाही. डोक्याच्या वरच्या अंगाला, मध्यरेषेजवळ हालचालींची तयारी करणारा एक पट्टा आहे, त्याचीही साथ लागते. हे दोघे मिळून मेंदूच्या खोल भागातल्या एका बारीक गाठीला निरोप देतात. तिचे नाव सबथॅलॅमिक न्यूक्लियस. आकाराने ती एखाद्या कडधान्याच्या दाण्याएवढी. ती जागी झाली की हालचालीच्या वाटेवरचे फाटक बंद होते आणि स्नायूंकडे जाणारा हुकूम अडतो. कपाळामागून या गाठीपर्यंत येणारी वाट मधले थांबे टाळून थेट येते. म्हणून तर इतक्या थोड्या वेळात ब्रेक लागतो.

ही इवलीशी गाठ किती मोलाची, हे ती बिघडल्यावर कळते. पक्षाघातात एका बाजूची ही गाठ दुखावली तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात किंवा पाय जोरजोराने, आपोआप फेकला जाऊ लागतो. रुग्णाची इच्छा नसते, त्याला तो आवरताही येत नाही.

सगळे शास्त्रज्ञ एकमताचे आहेत असे मात्र नाही. काहींचे म्हणणे असे की उजव्या कपाळामागचा हा भाग प्रत्यक्ष ब्रेक लावत नाही. अचानक आलेल्या महत्त्वाच्या खुणेकडे लक्ष वेधणे हे त्याचे काम आहे, मग ती खूण थांबण्याची असो वा आणखी कसली. डाव्या बाजूच्या इजेनेही थांबणे बिघडते असे काही अभ्यासांत दिसले आहे. वाद अजून मिटलेला नाही. पण आवाज ऐकलाच नाही तर थांबणार कसे, हा प्रश्न शिक्षक म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. वर्गात न थांबणाऱ्या मुलांपैकी काहींचा ब्रेक कमजोर असतो, तर काहींपर्यंत ‘थांब’ हा शब्दच पोहोचलेला नसतो. दोघांना एकच शिक्षा केली तर दोघांनाही उपयोग होत नाही.

ब्रेक सैल झाला तर

१९८३ मध्ये फ्रान्स्वा लेर्मित या फ्रेंच मेंदूतज्ज्ञांनी कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांचे विलक्षण वर्णन केले. रुग्णापुढे पेला आणि पाण्याचा जग ठेवला की तो पाणी ओतून पिऊ लागे. कुणी प्यायला सांगितलेले नसे, तहानही नसे. चष्मा ठेवला की तो डोळ्यांवर चढवी. दुसरा ठेवला तर पहिल्यावर तोही. हात-पाय धड, बोलणे धड, बुद्धी बरीचशी शाबूत. पण वस्तू दिसली की हात तिच्याकडे जाणार. वस्तूच जणू माणसाला हुकूम देत होती आणि नाही म्हणणारा आत कुणी उरला नव्हता.

हे वाचताना मला दवाखान्यातला रुग्ण दिसत नाही, आपल्या मोहल्ल्यातली घरे दिसतात. पक्षाघातातून उठलेले एखादे अब्बा, जे आयुष्यभर मोजके बोलले, आता पाहुण्यांसमोर तोंडाला येईल ते बोलतात. ताटातले संपायच्या आत शेजारच्या ताटात हात घालतात. सून मनातून दुखावते, मुलगा चिडतो, शेजारी म्हणतात, म्हातारपणी स्वभाव बिघडला. अपघातानंतर ‘पूर्ण बरा’ होऊन आलेला जवान मुलगा क्षुल्लक कारणाने हात उगारतो आणि घरच्यांना वाटते, लाडाने बिघडला. जखम भरली, टाके निघाले, म्हणजे मेंदूही बरा झाला असे आपण धरून चालतो. कपाळामागची इजा बाहेरून दिसत नाही. अशा वेळी डॉक्टरांना नुसते ‘चिडचिड करतात’ एवढे सांगू नये. आधी कसे होते, आता नेमके काय बदलले आणि केव्हापासून, हे सविस्तर सांगावे. मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. वागणे अचानक बदलले असेल आणि जोडीला तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे किंवा जीभ अडखळणे असेल, तर एक क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

आणि तरुणांसाठी एक गोष्ट. डोक्याला मार बसला की मेंदूचे पुढचे भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर आपटतात, म्हणून दुचाकीच्या अपघातात हाच भाग वारंवार दुखावतो. हेल्मेट नुसता जीव वाचवत नाही. माणसाचा स्वभावही वाचवते.

लहानांचा ब्रेक अजून बसवायचा आहे

तीन वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नको’ म्हटले तर ते शब्द तोंडाने म्हणत म्हणत ते हात लावते. आपल्याला हसू येते किंवा राग येतो. त्यात लबाडी नसते. नियम समजला आहे, पण नियम आणि हात यांना जोडणारी तार अजून कच्ची आहे. तीन ते सहा या वयात ही तार झपाट्याने घडते. नंतर शाळेच्या सगळ्या वर्षांत थांबण्याचा वेळ कमी होत जातो. मेंदूचा सर्वांत उशिरा पिकणारा भाग म्हणजे हाच कपाळामागचा. त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगा उंचीने बापाच्या बरोबरीला येतो, पण आतला ब्रेक अजून पूर्ण बसलेला नसतो. मित्रांच्या घोळक्यात, वेगात, रागात तो पहिला सुटतो.

काही मुलांत ही अडचण वयाच्या मानाने खूपच जास्त असते. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर, रांगेत धक्का, वही उघडण्याआधी दुसऱ्याची पेन्सिल. अतिचंचलतेचा विकार असलेल्या मुलांना थांबायला सरासरीने अधिक वेळ लागतो, हे बटणाच्या चाचणीत वारंवार दिसले आहे. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या औषधाने हा वेळ सुधारतो, हेही दिसले आहे. प्रत्येक खोडकर मूल आजारी नसते. पण घरी, शाळेत, मदरशात, सगळीकडून तीच तक्रार महिनोन्महिने येत असेल, तर छडीआधी डॉक्टरांचा विचार व्हावा. मार खाल्ल्याने ब्रेक मजबूत होत नाही. तो मूल घाबरते तेवढ्यापुरता लागतो.

आपल्या घरांतली पुष्कळ मुले घरी उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी. एका भाषेत बोलताना दुसरीला आवरून धरावे लागते, त्यामुळे अशा मुलांचा ब्रेक जास्त पक्का होतो, असे काही अभ्यासांत म्हटले गेले. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हा फायदा सगळीकडे दिसला नाही. दोन भाषा शिकवाव्यात त्या त्यांतल्या दौलतीसाठी. ब्रेकचा फायदा झालाच, तर तो वरचा.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, ऐनवेळी ब्रेक लावण्यापेक्षा आधीपासून वेग कमी ठेवणे सोपे. बटणाच्या प्रयोगातही, आवाज येऊ शकतो हे ठाऊक असले की माणसे आपोआप सावकाश दाबतात. लग्नाच्या घरी पोहोचल्यावर मुलाला सर्वांसमोर ओरडण्यापेक्षा निघण्याआधी शांतपणे सांगावे: तिथे काय होईल, मिठाई समोर आली तर काय करायचे, कंटाळा आला तर कुणाकडे यायचे.

दुसरी, नुसते ‘करू नको’ सांगू नये, त्या जागी काय करायचे ते सांगावे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले की ‘असे झाले तर मी असे करीन’ असा ठराव आधीच केलेला असेल तर तो पाळला जाण्याची शक्यता वाढते. ‘गुस्सा करू नको’ हे धूसर आहे. ‘भाऊ चिडवू लागला तर उठून पाणी पिऊन ये’ हे मुलाला करता येते.

तिसरी, वस्तू नजरेआड ठेवावी. लेर्मित यांच्या रुग्णांइतके नसले तरी थोडेफार आपण सगळेच वस्तूंचे ऐकतो. अभ्यासाच्या टेबलावर मोबाइल ठेवून मुलाकडून संयमाची अपेक्षा करणे म्हणजे दर मिनिटाला त्याची परीक्षा घेणे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला की परीक्षाच टळते. हा नियम मोठ्यांनाही लागू असावा, नाहीतर मुले तो मानत नाहीत.

चौथी, झोप. अपुऱ्या झोपेने थांबण्याची क्षमता कमी होते. रात्री बारापर्यंत जागलेल्या मुलाची सकाळची जिद्द ही पुष्कळदा थकलेल्या मेंदूची असते.

आणि ‘चिमणी उड’, ‘स्टॅच्यू’ असे खेळ जरूर खेळावेत. त्यांत मूल थांबण्याचा सराव करते आणि घर हसते. मात्र खेळात पटाईत झालेले मूल रागही आवरू लागेल असे धरू नये. बटणाच्या चाचणीतला आकडा आणि रोजच्या आयुष्यातला सब्र यांचा संबंध फारसा घट्ट नाही, असे अलीकडचे अभ्यास सांगतात. सब्रात उद्देश असतो, सवय असते, घरातले वातावरण असते. वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सुरू केलेला मिठाईचा प्रयोग प्रसिद्ध आहे. समोरची एक मिठाई लगेच न खाता थांबले तर दोन मिळतील, असे लहान मुलांना सांगितले जाई. जी थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली, असे नंतर दिसले. पण २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येच्या मुलांवर तपासणी झाली आणि घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा तो संबंध फार क्षीण झाला. ज्या घरात उद्याची दुसरी मिठाई खात्रीने मिळते, तिथल्या मुलाला आज थांबणे सोपे जाते. आपण मुलांना दिलेले शब्द पाळतो का, हाही त्यांच्या ब्रेकचाच एक भाग आहे.

तर यापुढे ‘हजार वेळा सांगितलं’ हे वाक्य ओठांवर येईल, तेव्हा एवढे पाहावे: त्याने ऐकले होते का? त्या वयाला ते झेपणारे होते का? थांबून काय करायचे, हे आपण सांगितले होते का? या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर रागवायला आपण मोकळे आहोत. माझा वर्गातला अनुभव असा, की हे तीन प्रश्न विचारून होईपर्यंत रागवण्याची गरज पुष्कळदा उरत नाही.